हाकेला ओ : घरातील आपत्कालीन टेलिफोनचा एक अभ्यास

टेलिफोन ही आता आपल्याकडे नवलाईची वस्तू राहिलेली नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात तो असतो. परंतु संकटाच्या घटकेला तो लागेलच, अशी खात्री आपण कशाच्या बळावर बाळगतो, हा प्रश्न मला गेल्या वर्षापर्यंत कधी पडला नव्हता. तो पडला तो घरच्या एका प्रसंगामुळे. त्याचे उत्तर शोधताना मला थोडा इतिहास, थोडे विज्ञान वाचावे लागले आणि तर्कशास्त्राच्या तासाला नुसते पाठ केलेले पुन्हा एकदा समजून घ्यावे लागले. ज्यांच्या घरी अपंग किंवा वृद्ध माणूस दिवसा एकटे असते, अशा विद्यार्थिमित्रांना या धडपडीचा काही उपयोग व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

माझ्या आईला वयाच्या तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. उजवा पाय कायमचा अधू झाला. पण कॅलिपर लावून ती सारे घर चालवते, शिवणकाम करते. पोलिओचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. रोग गेला, तरी त्याने गाठलेली माणसे आपल्यात आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना तीस-चाळीस वर्षांनंतर नव्याने अशक्तपणा येऊ लागतो. वैद्यकशास्त्र त्याला 'पोस्ट-पोलिओ सिंड्रोम' म्हणते. आईचा चांगला पायही अलीकडे दगा देऊ लागला आहे. वडील एस. टी. त वाहक, त्यांची फेरी पाचगणी-महाबळेश्वरच्या घाटातून जाते, तेथे मोबाईलला रेंज असेलच असे नाही. मी सकाळी साडेदहाला कॉलेजला येते ती चारनंतर परतते. तेवढा वेळ आई घरी एकटी.

गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरून पडली. टेलिफोन बाहेरच्या खोलीत, उंच फळीवर. मधल्या सुट्टीत मी सहज घरी फोन केला होता. घंटा वाजून वाजून थांबली. आई काकूंकडे गेली असेल असे समजून मी पुढच्या तासाला जाऊन बसले. ती घंटा आईने ऐकली होती. दहा पावलांवर फोन वाजत होता आणि ओल्या फरशीवरून तिला उठता येत नव्हते. मी सव्वाचारला घरी पोहोचले, तोवर तीन तास होऊन गेले होते. हाड मोडले नाही, हे आमचे नशीब. पण पडल्यानंतर तासाहून अधिक काळ तसेच पडून राहणे हेच मुळी एक स्वतंत्र संकट असते, हे डॉक्टरांनी आम्हाला त्या दिवशी समजावून सांगितले. शरीराचे तापमान उतरते, पाणी कमी पडते, दबलेल्या भागाची त्वचा आणि स्नायू खराब होऊ लागतात, क्वचित मूत्रपिंडावर ताण येतो. अर्धांगवायूचा झटका असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. थोडक्यात, पडणे माणसाच्या हाती नसले, तरी किती वेळ पडून राहायचे हे बरेचसे व्यवस्थेच्या हाती असते.

थोडा इतिहास

टेलिफोनचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलची आई कानाने अधू होती आणि पत्नी मेबल पूर्ण बहिरी होती. आवाज दूर पोहोचवण्याचा ध्यास घेतलेल्या माणसाच्या घरातच अपंगत्व होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. बेलला १८७६ मध्ये पेटंट मिळाले, आणि अवघ्या सहा वर्षांत, जानेवारी १८८२ मध्ये, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली.

पण फोन असणे आणि संकटात फोन लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे जगाला कळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्यू पावल्या. आग पाहणाऱ्या एका शेजाऱ्याने एक्स्चेंजला फोन लावला होता, परंतु इतर फोनांच्या रांगेत त्याला ताटकळत राहावे लागले. त्याने वर्तमानपत्रात पत्र लिहून तक्रार मांडली, सरकारी चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. या क्रमांकाचा फोन आला की एक्स्चेंजमध्ये भोंगा वाजे आणि लाल दिवा लागे. म्हणजे संकटाच्या हाकेला रांगेतून बाहेर काढण्याची ती युक्ती होती. अमेरिकेत ९११ चा पहिला फोन फेब्रुवारी १९६८ मध्ये अलाबामातील हेलीव्हिल या लहानशा गावातून लागला. आपल्याकडे १०८ ची रुग्णवाहिका सेवा ऑगस्ट २००५ मध्ये आंध्र प्रदेशात सुरू झाली आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रात आली. पोलीस, अग्निशमन व वैद्यकीय मदत यांसाठी ११२ हा एकच क्रमांक २०१८ पासून राज्याराज्यांतून लागू होत गेला. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाईलला संकटाचे बटणही असावे लागते. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा. स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याचे बटण लागोपाठ तीनदा दाबायचे. हे आमच्या वर्गातील किती जणांना ठाऊक आहे, याची मी विचारपूस केली. उत्तर येथे न लिहिलेलेच बरे.

घरात एकट्या राहणाऱ्या माणसासाठी गळ्यात किंवा मनगटावर बांधायचे बटण १९७० च्या दशकात अमेरिका व जर्मनीत निघाले. बटण दाबले की बिनतारी लहर घरातल्या पेटीकडे जाते, पेटी ठरवून दिलेले क्रमांक एकामागून एक फिरवते, आणि पेटीतल्या ध्वनिक्षेपकातून पडल्या जागेवरून बोलता येते. असेच एक यंत्र आईच्या पडण्यानंतर आम्ही घरी आणले आणि निर्धास्त झालो. आमची चूक झाली ती येथेच.

तांब्याच्या तारेचे गुपित

दीड-दोन महिन्यांनी, भर दुपारी, आई शिवणयंत्रावरून उठताना पुन्हा पडली. फार लागले नव्हते, पण उठता येत नव्हते. तिने बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. पेटी गप्प. बाहेर पाऊस होता आणि लाईट गेली होती. शेवटी सरपटत खिडकीपाशी जाऊन तिने शेजारच्या काकूंना हाक मारली. काकू धावत आल्या, तर दाराला आतून कडी! आईला पुन्हा सरपटत दारापर्यंत जावे लागले. काकू दाराबाहेर रडत होत्या आणि आई आतून त्यांना धीर देत होती.

पेटी गप्प का राहिली? याचे उत्तर मला टेलिफोनच्या तारेत सापडले. जुना तारेचा टेलिफोन लाईट गेली तरी चालतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्याचे कारण मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. तांब्याच्या त्या जोडतारेतून आवाजाबरोबर सुमारे ४८ व्होल्टची वीजही एक्स्चेंजमधून घरी येत असते. एक्स्चेंजमध्ये मोठमोठ्या बॅटऱ्या असतात, त्यांच्या मागे जनरेटर असतो. म्हणजे आपल्या घरातला अंधार टेलिफोनला लागू नसतो. त्याचा प्रकाश परगावाहून येतो म्हणा ना!

आमच्याकडे मधल्या काळात कंपनीचा माणूस येऊन तांब्याची तार काढून काचेच्या धाग्याची, म्हणजे फायबरची, जोडणी देऊन गेला होता. आवाज स्वच्छ झाला, मुलांना इंटरनेट मिळाले, गल्लीत सगळे खूष. परंतु काचेतून उजेड वाहतो, वीज वाहत नाही. घरातल्या भिंतीवरची फायबरची पेटी आणि राउटर यांना घरचीच वीज लागते. लाईट गेली की ती दोन्ही मुकी होतात, आणि त्यांच्या पाठीमागे लावलेली आईची पेटीही. पेटीत स्वतःची बॅटरी होती हे खरे. पण दाराशी रस्ताच नसेल तर गाडीत पेट्रोल असून काय उपयोग? जोडणी बदलताना या घरात असे यंत्र आहे का, हे कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

हा अनुभव आमच्या गल्लीपुरता नाही. ब्रिटनमध्ये अशी घरगुती बटणे सुमारे अठरा लाख लोक वापरतात. तेथे जुने तांब्याचे टेलिफोन जानेवारी २०२७ पर्यंत बंद करण्याचे ठरले. फायबरवर गेलेल्या काही घरांतील बटणे गंभीर प्रसंगी चालली नाहीत, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये ग्राहकाच्या इच्छेविरुद्ध जोडणी बदलणे कंपन्यांना थांबवावे लागले. लाईट गेल्यावर निदान एक तास तरी आपत्कालीन फोन लागला पाहिजे, अशी व्यवस्था अडचणीतल्या ग्राहकांना देण्याचा दंडक तेथील नियामक संस्थेने २०१८ मध्येच घातला होता. आपल्याकडे एक तासाची लाईट जाणे ही पावसाळ्यातील किरकोळ बाब आहे, हे ध्यानात घेऊन आपला दंडक आपणच ठरवायला हवा.

मोबाईल नेटवर्कलाही वय असते. सिंगापूरने २०१७ मध्ये २जी सेवा बंद केली. अमेरिकेत २०२२ मध्ये ३जी बंद झाले तेव्हा जुनी घरगुती बटणे बदलावी लागली. आपल्याकडेही ज्या कंपनीचे जाळे केवळ ४जी-५जीचे आहे, तिचे सिम २जीच्या यंत्रात चालत नाही. यंत्र घेताना रंग आणि किंमत पाहण्याआधी हे विचारले पाहिजे.

सात कड्या आणि तर्कशास्त्र

दुसऱ्या प्रसंगानंतर मी वहीत एक यादी केली. आईची हाक आमच्यापर्यंत पोहोचायला काय काय चालू असावे लागते? १) बटण अंगावर हवे आणि त्याची बॅटरी जिवंत हवी, २) बिनतारी लहर भिंतींतून पेटीपर्यंत पोहोचली पाहिजे, ३) पेटी चालू हवी, ४) वीज हवी, ५) फोनची वाट मोकळी हवी, ६) पलीकडे माणसाने फोन उचलला पाहिजे, ७) आलेल्या माणसाला दार उघडता आले पाहिजे. या सात कड्या एकापुढे एक ओवलेल्या आहेत. एक निखळली की सारी साखळी व्यर्थ.

आता हिशेब पाहा. प्रत्येक कडी शंभरांत नव्याण्णव वेळा टिकते असे धरले, तर सातही कड्या एकाच वेळी टिकण्याची शक्यता ०.९९ चा सात वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ०.९३ येते. प्रत्येक वस्तू उत्तम असूनही शंभरांत सात हाका वाया! उलट, पर्याय शेजारी-शेजारी ठेवले की गणित आपल्या बाजूने वळते. तीन माणसे आहेत, प्रत्येक जण दहांत सातच वेळा फोन उचलतो असे धरू. तिघांनीही न उचलण्याची शक्यता ०.३ × ०.३ × ०.३, म्हणजे ०.०२७. शंभरांत जेमतेम तीन. साधारण माणसे तिघे मिळून एका अत्यंत दक्ष माणसाइतकी भरवशाची होतात.

पण येथे एक 'जर' आहे, आणि तर्कशास्त्राच्या सरांनी वर्गात त्यावरच भर दिला होता : या घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच हा गुणाकार खरा. आमच्या यादीत बाबा, मी आणि मामा असे तिघे होतो. मामाच्या घरच्या लग्नात आम्ही तिघेही एकाच मांडवात, एकाच बँडच्या आवाजात असणार. मग तीन क्रमांक म्हणजे प्रत्यक्षात एकच क्रमांक. तसेच राउटर आणि मोबाईलचा चार्जर एकाच बोर्डावर असतील तर दोन वाटा ही केवळ समजूत आहे. पर्याय किती आहेत हे मोजण्यापूर्वी ते एकाच कारणाने एकदम बंद पडतात का, हे विचारावे. माझ्या मते या साऱ्या अभ्यासाचे सार एवढ्या एका वाक्यात आहे.

आम्ही काय केले

फायबरची पेटी व राउटर यांना एक लहान बॅटरी जोडली. दोन्ही मिळून साधारण १२ वॅट घेतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. कागदावर सात तास, प्रत्यक्षात गळती धरून चार-पाच. पेटीत सिम घातले, तेही आमच्या घरातल्या मोबाईलहून वेगळ्या कंपनीचे. त्या सिमचे रिचार्ज संपण्याची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली, कारण रिचार्ज संपले की घरच्यांचे क्रमांक लागत नाहीत. तारेचा टेलिफोन उंच फळीवरून काढून जमिनीलगतच्या पाटावर ठेवला. आमच्या घराच्या भिंती जुन्या दगडी, रुंद. म्हणून न्हाणीघर, परसदार, अंथरूण अशा प्रत्येक जागेवर बसून, तेही जमिनीवर बसून, बटण दाबून पाहिले. परसात लहर पोहोचत नव्हती, म्हणून पेटी मधल्या खोलीत हलवली.

सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची योजना वायरमनकाकांनी सुचवली. न्हाणीघरात छतापासून जमिनीपर्यंत लोंबणारी एक दोरी, तिच्या टोकाला खटका, आणि तेथून भिंतीतून थेट काकूंच्या स्वयंपाकघरात गेलेली साधी दाराची घंटा, कोरड्या सेलवर चालणारी. हिला ना सिम लागते, ना लाईट, ना एक्स्चेंज. शंभर वर्षांपूर्वीची ही विद्या बाकीच्या साऱ्या यंत्रांपासून पूर्णपणे स्वतंत्र आहे. म्हणूनच तिचे मोल.

दाराची आतली कडी काढून बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप बसवले. एक किल्ली काकूंकडे असते. पेटीच्या सिमचा क्रमांक सर्वांच्या मोबाईलमध्ये 'आईची घंटा' या नावाने साठवला, कारण अनोळखी क्रमांक आजकाल कोणी उचलत नाही. वर्गात फोन मुका असला तरी तेवढा एक क्रमांक वाजेल अशी सोय त्यात करून घेतली, आणि प्राध्यापकांची तशी परवानगी मागितली. ती सर्वांनी तत्काळ दिली, याचा येथे कृतज्ञतेने उल्लेख करते. १०८ किंवा ११२ मात्र यंत्राच्या यादीत घातले नाहीत. पत्ता काय, रुग्ण शुद्धीवर आहे का, अशा प्रश्नांची उत्तरे यंत्र देऊ शकत नाही. ते काम माणसाचे. म्हणून काकूंच्या भिंतीवर आमचा पूर्ण पत्ता, खूण, आईची औषधे आणि हे दोन क्रमांक ठळक अक्षरांत लिहून लावले आहेत.

आठवी कडी

वाचकांच्या लक्षात आले असेल, माझ्या यादीत एक कडी राहूनच गेली होती. ती म्हणजे आई स्वतः.

बटण आणले त्या दिवशी ती म्हणाली होती, "गळ्यात घंटा बांधायला मी काय गाय आहे?" आम्ही हसलो आणि विषय टाळला. पुढे कितीदा तरी ते बटण देवघरातल्या खुंटीवर लोंबताना दिसे. मी चिडत असे. २००८ मध्ये ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात केंब्रिजमधील नव्वदी ओलांडलेल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, पडून बराच वेळ उठता न आलेल्यांपैकी बहुतेकांच्या हाताशी बटण होते, तरी त्यांनी ते दाबले नव्हते. हे वाचल्यावर मी चिडणे सोडून आईला विचारले, "तू का नाही गं घालत?"

ती म्हणाली, "तुमची यादी तुम्हीच केलीत. पहिला फोन तुझ्या मामाला. भावजयीसमोर न्हाणीघरात पडलेली दिसू का मी? आणि तुझी परीक्षा असली तर? तुला उठवून आणायचं का पेपरातून?"

यंत्राच्या सात कड्या तपासताना मी त्या हाक मारणाऱ्या माणसाची लाज, त्याचा स्वाभिमान, त्याचा पसंतीक्रम यांचा विचारच केला नव्हता. यादी आईने नव्याने केली. पहिल्या काकू, कारण "तिने मला सगळ्या अवस्थेत पाहिलंय", मग मी, मग बाबा, मग तिची शिवणवर्गातील मैत्रीण. मामा यादीतून गेले. बटण गळ्यातून मनगटावर आले, बांगड्यांच्या शेजारी. आणखी एक अट तिने घातली : उगाच दिवसातून चारदा फोन करून "बरी आहेस ना" असे विचारायचे नाही. ती आम्ही मान्य केली. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सन्मान आणि स्वतः निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य यांचा उल्लेख पहिल्या तत्त्वातच आहे. त्याचा अर्थ मला पुस्तकापेक्षा आईच्या यादीतून अधिक कळला.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या घरी परीक्षा असते. परीक्षक आई. ती मेन स्विच खाली ओढायला सांगते, कोणत्या खोलीतून आणि केव्हा बटण दाबणार हे सांगत नाही, आणि घड्याळ लावून बसते. पहिल्या परीक्षेत आम्ही सपशेल नापास झालो. काकू देवळात, माझा फोन चार्जिंगला, बाबा घाटात. दुसऱ्या खेपेला काकू चार मिनिटांत आल्या. गेल्या खेपेला दोरीची घंटा वाजली तेव्हा त्या हातातल्या पिठासकट दीड मिनिटात दारात उभ्या होत्या, आणि आईने त्यांना प्रथम श्रेणी दिली.

हे सारे केले म्हणून आई पडणार नाही असे नाही. ती पुन्हा पडेल, हे आम्ही तिघांनीही मनाशी मान्य केले आहे. पण फोन वाजत राहिला आणि उचलणारे कोणी नव्हते, त्या दुपारी मी वर्गात काय शिकत होते, हे मला आज आठवत नाही. वाजणारी घंटा मात्र आठवते. यंत्र विकत मिळते. हाक मारावीशी वाटेल असे माणूस आणि त्या हाकेला ओ देण्याची तयारी या गोष्टी मात्र दर महिन्याला नव्याने जुळवाव्या लागतात. आज घरी गेल्यावर आपल्याही घरातला मेन स्विच एकदा खाली ओढावा आणि काय काय गप्प होते ते ऐकावे, एवढीच वाचकांना विनंती.